नमुना सही

भाऊबीज काही कुणासाठी थांबत नाही. गुरुवारी एका ब्लॉगवाल्याने कॅमेऱ्यासमोर 'जोडा' या दुकानातून घेतलेला बूट मधोमध कापला आणि आतला भुसभुशीत, स्वस्त फोम जगाला दाखवला. शुक्रवारी, बुटांवरच ब्लॉग लिहिणाऱ्या नीरजाला त्या दुकानाच्या सहा गिऱ्हाइकांचे मेल आले. शनिवार तिने तेच मेल पुन्हा पुन्हा वाचण्यात घालवला. आणि रविवारी दुपारी बारा वाजता ती गाझियाबादच्या फ्लॅटमध्ये ओवाळणीचं तबक हातात धरून उभी होती. समोर पाटावर तिचा भाऊ यशोधन बसला होता. 'जोडा' त्याचंच होतं.

"आधी ओवाळ," त्यांची आई पद्मजाबाई म्हणाल्या. "मग काय भांडायचं ते भांडा. सणासुदीला तोंडं पाडून बसू नका."

नीरजाने ओवाळलं. कुंकू लावताना तिचं बोट त्याच्या कपाळावर नेहमीपेक्षा जोरात टेकलं. यशोधनने मान वर केली नाही. चव्वेचाळीस वर्षांचा, दाढीत पांढरे केस आलेला हा माणूस कानकोंडा होऊन पाटावर बसला होता, आणि स्वयंपाकघराच्या दारात त्याची बायको सृष्टी बासुंदीचा डाव हातात धरून तशीच उभी होती. बाहेर दिवाळीचा धूर अजून खाली बसलेला नव्हता. समोरची बिल्डिंग दिसत नव्हती आणि कोपऱ्यातलं हवा शुद्ध करणारं यंत्र सकाळपासून घरघरत होतं.

"दादा," तबक खाली ठेवत नीरजा म्हणाली, "अप्पांच्या सहीच्या सहा कार्डांचे फोटो आलेत माझ्याकडे. सहाही सह्या मी लॅपटॉपवर एकमेकींवर ठेवून पाहिल्या. एक रेघ इकडची तिकडे नाही."

"मग? सही सारखी असायलाच हवी ना."

"अप्पांच्या घरात वाढलास, आणि हे तू बोलतोस?"

अप्पांच्या घरात पाढ्यांच्या आधी हेच शिकवलं जायचं. अप्पा, म्हणजे त्यांचे वडील भालचंद्र खांबेटे, केंद्र सरकारचे हस्ताक्षरतज्ज्ञ. चौतीस वर्षं खोटी मृत्युपत्रं, खोटे दाखले आणि खोट्या सह्या भिंगाखाली धरून त्यांनी कोर्टात साक्षी दिल्या. जिवंत माणूस एकच सही हुबेहूब दोनदा करू शकत नाही, दोन सह्या तंतोतंत जुळल्या की समजायचं एक गिरवलेली आहे, हे ते मुलांना जेवताना सांगायचे. आमटी वाढून घेता घेता मुलांनी ते ऐकलेलं होतं.

पण त्यांचं नाव दिल्लीत झालं ते निवृत्तीनंतर, आणि तेही बुटांमुळे. म्हणजे नशीब कुठे नेऊन बसवेल याचा काही नेम नाही. मानेसरची चांगली पक्की नोकरी सोडून यशोधनने साउथ दिल्लीत स्नीकर्सचं दुकान काढलं, तेव्हा अप्पा त्याच्याशी दोन वर्षं बोलले नव्हते. मग एकदा नीरजाने, जिचा 'फीता' हा ब्लॉग तेव्हा कुठे लोक वाचू लागले होते, एक महागडा अमेरिकन जोड घरी आणला. अप्पांनी भिंग काढलं, बुटाच्या जिभेच्या आतली साइझची पट्टी पाहिली आणि म्हणाले, "ही अक्षरं दोन वेगवेगळ्या छापांची आहेत. खोटा माल आहे." भिंग लावलेल्या म्हाताऱ्याचा तो फोटो ब्लॉगवर चढला आणि आठवड्यात त्याने नुसता धुमाकूळ घातला. त्यानंतर दर शनिवारी अप्पा 'जोडा'च्या काउंटरमागे स्टुलावर बसू लागले. टाके मोजायचे, गोंदाचा वास घ्यायचे, खोक्यावरचं लेबल वाचायचे आणि माल खरा असेल तर छोट्या पांढऱ्या कार्डावर तारीख टाकून सही करायचे. पोरं त्यांच्या पाया पडायची. बाप आणि मुलगा पुन्हा बोलू लागले ते त्या काउंटरवर, टाक्यांविषयी आणि गोंदाविषयी. दुसऱ्या कशाविषयी बोलणं त्यांना कधी जमलंच नाही.

मार्चपासून अप्पांचा उजवा हात थरथरू लागला. चहाचा कप बशीवर वाजायचा. सही जुळत नाही म्हणून बँकेने दोन चेक परत पाठवले, तेव्हा त्यांनी दुकानात जाणं बंद केलं.

नीरजाने कार्डांचे छापलेले कागद पाटासमोर ठेवले. "या तारखा बघ. जुलै. ऑगस्ट. ऑगस्टमध्ये अप्पा दुकानात कुठे होते? ऑगस्टमध्ये त्यांना शर्टची बटणं आई लावून देत होती."

"म्हणजे?" पद्मजाबाईंनी विचारलं. त्यांना दुकानात काहीतरी बिनसलंय एवढंच ठाऊक होतं. "म्हणजे काय रे? सह्या कुणी केल्या?"

यशोधनने कागद उलटे करून ठेवले. पद्मजाबाईंनी ते पाहिलं.

"बापाचं नाव विकलंस?" त्या म्हणाल्या. "अरे, मागायचं होतंस काही तर मागायचंस. माझ्या बांगड्या मागायच्यास. हे नाव त्यांनी जन्मभर जपलं रे."

"आई, प्लीज."

"प्लीज काय? नीरू बरोबर बोलतेय. लाज वाटायला हवी तुला."

नीरजाला त्या क्षणी बरं वाटलं, हे खरं आहे, आणि त्याबद्दल तिला नंतर स्वतःचीच शरम वाटली. आई इतक्या सरळपणे तिच्या बाजूने कधी उभी राहिली नव्हती. यशोधनने ते ओळखलं असावं. तो पाटावरून उठला.

"अच्छा, मी चोर. बिल्कुल, मान्य. आणि तू कोण गं? मार्चपासून ब्लॉगवर 'अप्पांची नजर' हे सदर कोण लिहितंय? 'मुलांनो, मी परवा एक जोड पाहिला', हे कोण लिहितंय? अप्पा तर आता कीबोर्डला हातही लावत नाहीत. अप्पा आता तपासत नाहीत, हे तू एका ओळीत जरी लिहिलं असतंस ना, तरी माझं एकही कार्ड चाललं नसतं. का नाही लिहिलंस?"

"कारण आजारपण घरातली गोष्ट आहे."

"वाचक गेले असते म्हणून नाही लिहिलंस. यार, माझ्याशी तरी खोटं बोलू नकोस. तू त्यांची भाषा घेतलीस, मी सही घेतली."

हे तिच्या वर्मी लागलं. वाचक गेले असते, हे खरंच होतं. तिने जुने फोटो वापरले होते, अप्पांच्या लकबीत वाक्यं लिहिली होती, आणि लोक खाली हात जोडलेली चिन्हं टाकत होते. सकाळी आरशासमोर ती स्वतःला समजवायची की हे अप्पांचंच म्हणणं आहे, फक्त लिहितेय मी.

"काय आहे ते दाखवा मला."

अप्पा आपल्या खोलीच्या दारात उभे होते. कधीपासून उभे होते कोण जाणे. सणाचा रेशमी कुडता, डावा हात दाराच्या चौकटीवर, उजवा खिशात. हल्ली तो हात ते खिशातच ठेवायचे.

कुणी कागद द्यायला पुढे झालं नाही, तेव्हा ते स्वतःच वाकले, कागद उचलले आणि बाल्कनीच्या काचेपाशी गेले. हातात धरल्यावर कागद हलू लागला म्हणून त्यांनी तो तळव्याने काचेवर दाबून धरला आणि डाव्या हाताने भिंग लावलं. कितीतरी वेळ ते पाहत राहिले. कोर्टात साक्षीआधी ते असेच बघत असतील, असं नीरजाला वाटलं.

"यशोधन," ते वळून न बघता म्हणाले, "दुकानातल्या काचेच्या काउंटरखाली ट्यूबलाइट आहे ना?"

"हो."

"त्यावर ठेवून सही गिरवलीस. पेन चार ठिकाणी थांबलंय. मूळ कुठली घेतलीस?"

"पहिली. फ्रेम करून लावलेली."

"हं. त्या दिवशी मी घाईत होतो. 'भ'ची गाठ अर्धवट राहिली होती. सगळ्यांवर अर्धवटच आहे." त्यांनी भिंग खिशात ठेवलं. "का रे?"

आणि मग यशोधन बोलला, उभ्या उभ्याच, कपाळावरचं कुंकू घामाने नाकावर उतरत असताना. "माल येणं थांबलं अप्पा. कंपनी आता स्वतःच्या ॲपवर विकते, नाव घालायचं आणि लॉटरी लागली तर जोड मिळणार. आमच्यासारख्याच्या हाती काही लागत नाही. आणि दुकानात येणारा आधी विचारतो, अप्पांचं कार्ड आहे का? बूट नंतर बघतात. मी कितीतरी महिने पोरांना परत पाठवलं. मग एकाने माल दाखवला. इतका हुबेहूब, की मलाही कळेना."

"मला का नाही दाखवलास?"

"तुम्ही फेल केला असता."

अप्पांनी मान हलवली. उत्तर त्यांना पटलं होतं, आणि तेच सगळ्यात वाईट होतं.

"चार वाजता त्या सहा गिऱ्हाइकांतली एक मुलगी येतेय," नीरजा म्हणाली. "सलोनी नावाची. अप्पांना एकच प्रश्न विचारणार आहे. सही तुमची आहे का? नसेल तर ते सगळे मिळून उद्या पोलिसांत जातील. फसवणूक आणि बनावट सही. असेल तर म्हातारपणी झालेली चूक म्हणून सोडून देतील. तसं तिने लिहिलंय."

आधी बोलल्या त्या पद्मजाबाई, आणि आता त्यांचा सूर पार बदललेला होता.

"मग त्यात एवढा विचार कसला? अहो, तुमचीच आहे म्हणा."

"आई!" नीरजा ओरडली. "आत्ता तूच..."

"आत्ता मला पोलिसांचं माहीत नव्हतं. नीरू, तो आत गेला तर काय राहील गं? यांचं वय झालं, नजर गेली, हात गेला. लोक चार दिवस हळहळतील आणि विसरतील. त्याचं अख्खं आयुष्य आहे अजून."

"खरं सांगा अप्पा." हे सृष्टी बोलली. पंधरा वर्षांत ती सासऱ्यांसमोर एवढी मोठ्याने कधी बोलली नव्हती. "ती कार्डं मी लोकांच्या हातात दिलीत. हसून दिलीत. मला माहीत नव्हतं, पण दिली मीच. तुम्ही खोटं बोललात तर मला त्या दुकानात पाऊल टाकता येणार नाही, आणि या घरातही."

"तुला नवरा नको असेल," पद्मजाबाई म्हणाल्या. "मला माझा मुलगा हवाय."

सृष्टीने डाव ओट्यावर ठेवला आणि आत जाऊन दार लावून घेतलं. बासुंदी कुणी वाढली नाही. अप्पा चार वाजेपर्यंत बाल्कनीपाशी खुर्चीत बसून राहिले. यशोधन दोनदा त्यांच्यापाशी गेला आणि दोनदा परत आला. नीरजाने सांगून पाहिलं की मी ब्लॉगवर माझंही सगळं लिहिते, आपण एकदमच सगळं कबूल करू. अप्पा फक्त म्हणाले, "तुला कुणी तुरुंगात टाकणार नाही, बाळ. तुला कबूल करणं परवडतं."

सलोनी चारला पाच मिनिटं असतानाच आली. चोवीस-पंचवीस वर्षांची मुलगी, मानेसरच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात इंजिनिअर. एवढ्या लांबून धुरातून आल्यामुळे डोळे लाल झालेले. दारात तिने स्वतःचे साधे कॅनव्हासचे बूट काढून नीट बाजूला लावले, आणि बगलेतलं खोकं मात्र आत आणलं. त्यात तो जोड होता, पायात एकदाही न घातलेला. आत येऊन ती आधी अप्पांच्या पाया पडली. नीरजाने तोंड फिरवलं.

"अंकल, मैं कॉलेज से आपको पढ़ रही हूँ," ती म्हणाली. "घरवाले हँसते थे, कि जूतों के बारे में इतना क्या पढ़ना. मैं कहती थी, जूतों के बारे में नहीं है. आपने एक बार लिखा था ना, कि शक हो तो फेल करो, क्योंकि खरीदने वाला आपकी आँख पर भरोसा कर रहा है. वो मैंने अपनी डेस्क पर लगाया है. मैं क्वालिटी में हूँ."

ते वाक्य मे महिन्यातलं होतं. ते नीरजाने लिहिलं होतं. अप्पांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि नजर पुन्हा मुलीकडे वळवली.

"बैठो बेटा."

सलोनी बसली नाही. तिने खोक्यातून कार्ड काढून त्यांच्यासमोर धरलं. "बस एक बात. ये साइन आपका है?"

यशोधन भिंतीला टेकून उभा होता. पद्मजाबाईंचे ओठ हलत होते, बहुधा देवाचं नाव घेत असाव्यात. नीरजाला आपल्या वडिलांचा चेहरा दिसत होता आणि तिने मनात अक्षरशः भीक मागितली, नाही म्हणा, अप्पा. भाऊ तुरुंगात जाईल हे कळत असूनही मागितली. चौतीस वर्षांत शेकडो लोकांच्या सह्यांविषयी त्यांना हाच प्रश्न विचारला गेला होता, आणि त्यांनी एकदाही खोटं उत्तर दिलं नव्हतं.

"मेरा है," अप्पा म्हणाले.

"पक्का, अंकल? ध्यान से देख लीजिए."

"देखने की ज़रूरत नहीं. मेरा है. नज़र कमज़ोर हो गई थी, मैंने किसी को बताया नहीं. बेटे का कोई कसूर नहीं. गलती मेरी है."

सलोनी कार्डाकडे बघत राहिली. तिला राग आला असता तर बरं झालं असतं. तिचा चेहरा फक्त उतरला, आणि उतरलेलाच राहिला.

"आप कह देते कि नहीं है, तो अच्छा लगता," ती म्हणाली. मग तिने बॅगेतून एक कागद काढला. "बाकी लोगों को दिखाना पड़ेगा. ग्रुप में एक के मामा वकील हैं. उन्होंने कहा है कि यही बात लिखवा लो, और नीचे चार साइन, मिलान के लिए."

नीरजाच्या ते लगेच लक्षात आलं. चार नमुना सह्या. थरथरत्या हाताच्या सह्या त्या कार्डांशेजारी ठेवल्या की आंधळ्यालाही फरक दिसेल. यशोधनलाही ते कळलं असावं, कारण तो भिंतीपासून सरळ झाला.

अप्पांनी कागद शांतपणे घेतला. "दस मिनट बेटा. अंदर मेज़ है, वहाँ बैठकर लिखता हूँ. पद्मजा, हिला काहीतरी खायला दे."

ते आत गेले. यशोधन जागचा हलला नाही. तो आत जाऊन 'अप्पा, राहू द्या' म्हणेल म्हणून नीरजाने एक मिनिट वाट पाहिली, मग आणखी एक. तो पायाखालच्या फरशीकडे बघत उभा राहिला. त्याला हे मान्य आहे, हे तिला तेव्हा कळलं, आणि भाऊ म्हणून तो तिच्या मनातून त्या क्षणी उतरला. ती आत गेली.

खोलीतला टेबललॅम्प लागलेला होता. अप्पांनी टेबलावरची छोटी काच उचलून दोन जाड पुस्तकांवर आडवी ठेवली होती आणि दिवा तिच्या खाली सरकवला होता. काचेवर ऑगस्टच्या कार्डाचा छापलेला कागद, त्यावर कोरा कागद. उजव्या हाताचं मनगट डाव्या हाताने गच्च धरून ते सही गिरवत होते. पाच-सहा सह्या झाल्या होत्या, सगळ्या वेड्यावाकड्या.

"अप्पा, काय करताय?"

"दार लाव. वकील आहे म्हणजे तो कुणातरी तज्ज्ञाकडे पाठवणार. मी असतो तर पाठवलीच असती." त्यांच्या कपाळावर घाम होता. "अगदी तंतोतंत नको. चारही थोड्या वेगळ्या हव्यात, पण वळण यशोधनचं आलं पाहिजे. त्याचा 'भ' माझ्यापेक्षा उभट आहे."

"नका करू. मी पाया पडते तुमच्या. बाहेर जाऊन खरं सांगू आपण."

"सांगून झालंय, नीरू. जे सांगायचं ते सांगून झालं." त्यांनी पेन पुन्हा टेकवलं. हात उडाला आणि रेघ कागदाबाहेर गेली. अप्पा थांबले. त्यांचे डोळे भरून आले होते, पण आवाज ऑफिसातला होता, काम उरकायच्या माणसाचा. "एकट्याने होत नाही हे. इथे धर. मनगटाच्या वर. दाबू नकोस, फक्त टेकू दे."

ती उभी राहिली. बाहेरून आईचा आवाज येत होता, ती त्या मुलीला चकली घे म्हणून आग्रह करत होती.

नीरजाने खुर्ची ओढली, वडिलांच्या शेजारी बसली आणि त्यांचा हात धरला. तो थंड होता आणि आतून सारखा हलत होता. तिने धरल्यावर तो हळूहळू स्थिर झाला. पेन चाललं. सही झाली.

अप्पांनी भिंग लावून ती दिव्याखाली पाहिली, डावीकडून उजवीकडे, चौतीस वर्षं पाहत आले होते तशीच.

"शेवटची रेघ तुटतेय," ते म्हणाले. "परत."